डाव्या कोपऱ्यातली सुगंधा

लग्नाआधी सुगंधाला भांडुपच्या त्या डोंगराकडच्या वस्तीत आडनावाने कुणी ओळखत नव्हतं. डावा कोपरा म्हटलं की सुगंधा, एवढं पुरे होतं. कबड्डीत कोपऱ्यावर उभी राहणारी खेळाडू चढाईला आलेलीचा घोटा धरते, आणि सुगंधाच्या हाती आलेला घोटा सुटत नसे. लग्न झालं, श्रुतिका झाली, सासू अंथरुणाला खिळली, आणि कधीतरी खेळ मागे पडला. कुणी बंद कर म्हटलं नव्हतं. एका संध्याकाळी ती मैदानावर गेली नाही, दुसऱ्या संध्याकाळीही गेली नाही, असं होत होत तीस वर्षं गेली.

आता घराच्याच पुढच्या खोलीत तिचं पोळी-भाजी केंद्र होतं. पहाटेपासून दुपारपर्यंत ती ओट्यापाशी उभी असायची, सोबत कामाला दोन बायका. नवरा दशरथ एका कारखान्यातून निवृत्त होऊन आता पोहोचवायचे डबे बांधायचा, आणि श्रुतिका गोरेगावला नोकरीला जायची. संसार आपल्या चालीने चालला होता.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी जान्हवी केंद्रावर आली. जान्हवी म्हणजे त्या जुन्या संघाची कप्तान. पोळ्या मागायच्या सोडून ती काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. त्यांच्या क्रीडा मंडळाला पन्नास वर्षं होत होती. महाराष्ट्र दिनाला मोठा कार्यक्रम होता आणि त्यात जुन्या खेळाडू बायकांचा सामना ठेवायचा घाट घातला होता. जान्हवी पुढे अजून काही समजावून सांगणार होती, पण सुगंधाने हातातलं पीठ झटकलं आणि सराव कधीपासून एवढंच विचारलं.

तिच्या या घाईला आणखी एक कारण होतं. गावी कुडाळला राहणारा तिचा धाकटा भाऊ बागेत काम करता करता छातीत कळ येऊन गेला होता. त्याचे दिवस झाल्यावर श्रुतिकाने आईला धरूनच डॉक्टर फ्रेडा परेरांकडे नेलं. डॉक्टर मूळच्या गोराईच्या, पण भांडुपमध्ये दवाखाना घालून त्यांना इतकी वर्षं झाली होती की अर्ध्या वस्तीची दुखणी त्यांना तोंडपाठ होती. रक्त तपासलं तर सुगंधाचं कोलेस्टेरॉल चांगलंच चढलेलं निघालं. वडील हृदयाने गेलेले, भाऊही तसाच गेलेला. डॉक्टरांनी रात्री जेवणानंतर घ्यायची एक गोळी सुरू केली आणि रोज चालायला सांगितलं. गोळी सुगंधा न चुकता घ्यायची, पण चालण्यात तिचं मन रमेना. कुणाला गाठायचं नाही, कुणाला धरायचं नाही, नुसतं आपलं चालत सुटायचं, याला ती व्यायाम मानतच नव्हती. कबड्डी परत आली तशी तिला वाटलं की डॉक्टरांनाही हेच हवं असणार. म्हणून खेळायला लागल्याचं तिने त्यांना जाऊन सांगितलं नाही.

सराव दुपारी असायचा. संध्याकाळी मैदान मुलांचं, आणि सकाळी बायकांना घर सोडता येत नाही. पहिले काही दिवस सगळ्याच जणी हसून हसून दमल्या. कुणाचा दम चढाईच्या अर्ध्यावरच तुटायचा, कुणाची साडी सावरायची सवय ट्रॅकपॅन्टमध्येही सुटत नव्हती. सुगंधा मात्र हसत नव्हती. कोपऱ्यावर गुडघे वाकवून ती उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की अंगाला सगळं आठवतंय, फक्त अंग जड झालंय. ते हलकं करायचं तिने मनावर घेतलं. घरी ओट्याला धरून उठाबशा, जिना चढायचा तो पळत, आणि मैदानात सगळ्या जणी बसल्या तरी ही आपली एकटीच वाकून पकडीचा सराव करत राहायची.

मांड्या दुखायला लागल्या. इतक्या वर्षांनी खेळल्यावर त्या दुखणारच, असं सगळ्याच म्हणत होत्या आणि त्यात खोटं काही नव्हतं. जान्हवीचे गुडघे तर कधीचेच कुरकुरत होते. तिच्या पर्समध्ये दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. तिने त्यातल्या दोन गोळ्या सुगंधाच्या हातावर ठेवल्या. सुगंधाने एक घेतली आणि तासाभरात तिला जिना सपाट वाटायला लागला. नंतरच्या पट्ट्या तिने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून स्वतः आणल्या. दुकानदाराने काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. तापाची, सर्दीची गोळी आणावी तशी तिने ती आणली. आधी सरावानंतर एक घ्यायची. मग सरावाआधीही घ्यायला लागली, म्हणजे मध्ये थांबावं लागत नसे.

एप्रिल तापला. मैदानाची माती दुपारी तव्यासारखी व्हायची. तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, म्हणून सगळ्याच जणी घरून निघताना पाणी बेतानेच पीत आणि खेळताना ओठ ओले करण्यापुरतंच. सुगंधा केंद्रावरही उभ्या उभ्या कामात पाणी विसरायची. संध्याकाळी तिचं डोकं जड व्हायचं, पण सामना तोंडावर आला होता आणि डावा कोपरा घट्ट झाला होता. चढाईला आलेल्या बायका आता तिची बाजू टाळायला लागल्या होत्या. या एका गोष्टीसाठी तिने आणखी कितीही सोसलं असतं.

एका सकाळी ती कणकेच्या परातीपुढे खाली बसली आणि तिला उठता येईना. दुखणं रोजचंच होतं, पण हे वेगळं होतं. मांड्या तिच्या राहिल्याच नव्हत्या. हाताने ओटा धरून, एका बाईचा खांदा धरून ती कशीबशी उभी राहिली. दंडही भरून आले होते, लाटणं फिरवताना हात थरथरत होता. मग ती मोरीत गेली आणि लघवीचा रंग बघून जागीच थबकली. बिनदुधाचा चहा असावा तसा गडद तपकिरी रंग.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं की आज एक गोळी घ्यावी, दुपारचा सराव करावा आणि मग बघू. पट्टी तिने हातात घेतलीही. पण भावाची बायको दिवसकार्याला जे सांगत होती ते तिला आठवलं. आदल्या आठवड्यापासून त्याला दम लागत होता आणि तो कुणालाच काही बोलला नव्हता. सुगंधाने पट्टी फळीवर ठेवून दिली. श्रुतिका कामावर निघायच्या बेतात होती. तिला हाक मारून तिने दार लावून घ्यायला सांगितलं आणि काय झालंय ते आडपडदा न ठेवता सांगितलं.

डॉक्टर फ्रेडांनी तिला तपासलं, मांडी दाबून बघितली, आणि गेल्या काही आठवड्यांत काय काय केलंत ते सांगा म्हणाल्या. सुगंधाने सगळं सांगितलं. कबड्डी, दुपारचं ऊन, पाणी, आणि शेवटी गोळ्या. डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी तिथूनच मुलुंडच्या एका रुग्णालयात फोन लावला आणि आत्ताच्या आत्ता निघा, डबेबिबे नंतर, असं श्रुतिकाला बजावलं.

रक्ताचे अहवाल आले तेव्हा सुगंधाला सलाईन लागलेलं होतं. स्नायू तुटायला लागले की रक्तात जे वाढतं ते भलतंच वाढलं होतं आणि मूत्रपिंडं त्या भाराखाली कुरकुरत होती. संध्याकाळी दवाखाना आटोपून डॉक्टर फ्रेडा मुद्दाम तिला बघायला आल्या. तिला समजेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं, आणि दशरथही पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून ऐकत होता. कोलेस्टेरॉलची गोळी बहुतेकांना काहीच त्रास देत नाही, पण काही जणांच्या स्नायूंना ती सोसत नाही. त्यात सवय नसताना एकदम दांडगा व्यायाम केला की स्नायू आणखी झिजतात. अंग दुखून तेच तर सांगत होतं. ते दुखणं दुसऱ्या गोळीने गप्प केल्यामुळे सुगंधा थांबली नाही. आणि तुटलेल्या स्नायूंचा कचरा गाळायचं काम मूत्रपिंडांवर आलं, तेही अंगात पाणी कमी असताना, आणि या दुखण्याच्या गोळ्या नेमक्या मूत्रपिंडांवरच ताण देतात.

"एकटी कुठलीच गोष्ट कदाचित इतकं करू शकली नसती," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या एकत्र केल्यात, सुगंधाताई."

"आता काय करायचं?"

"आता झोपायचं आणि पाणी प्यायचं. दोन्ही गोळ्या बंद. मूत्रपिंडं सावरतील, वेळेवर आलात."

काही दिवसांनी ती घरी आली. पण घरी वेगळंच सुरू झालं होतं. दशरथ एरवी आवाज न चढवणारा माणूस. रुग्णालयात तो इतका घाबरला होता की त्याने बायकोचे खेळायचे बूट पिशवीत घालून माळ्यावर टाकले. "आता पुरे झाला गो तुझा खेळणा," एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला. शेजारच्या शांताबाई रोज पेज घेऊन यायच्या आणि रोज बजावायच्या की सगळं त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीने केलं, आता ती जन्मात घेऊ नकोस, लसूण खा. सुगंधा पेज प्यायची आणि ऐकून घ्यायची. अशक्तपणा इतका होता की वाद घालायलाही बळ नव्हतं.

महाराष्ट्र दिनाला श्रुतिकाने तिला रिक्षातून मैदानावर नेलं. ती खुर्चीत बसून सामना बघत राहिली. डाव्या कोपऱ्यावर तिच्या जागी दुसरीच कुणी उभी होती, आणि समोरच्या बायका पुन्हा पुन्हा तिथूनच निसटत होत्या. संघ हरला. बक्षीस समारंभात मंडळाच्या लोकांनी सुगंधाचं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. तिला त्या टाळ्या नको होत्या. घरी येताना ती रिक्षात एक शब्द बोलली नाही, आणि श्रुतिकाला वाटलं की आईने आता खेळाचा नाद सोडला.

खरं तर त्याच वाटेवर तिने ठरवलं होतं. त्या खुर्चीत पुन्हा बसायचं नाही. आणि भावाच्या वाटेने जायचंही नाही.

पुढच्या तपासणीला ती एकटीच गेली. अहवाल सुधारले होते. डॉक्टर ते वाचत असताना तिने थेट विषयाला हात घातला.

"डॉक्टर, मला कोलेस्टेरॉलची गोळी सोडायची नाही. आमच्या घरात माणसं कशी जातात ते मी बघितलंय. आणि मला खेळायचंय. यातलं एक निवडा म्हणू नका."

डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "त्रेपन्नाव्या वर्षी कबड्डी?"

"हो."

"मग माझं ऐकावं लागेल. अगदी हळू चालेल हे, तुम्हाला कंटाळा येईल. आणि दुखण्याची गोळी खाऊन मैदानात उतरायचं नाही. कधीच नाही. दुखलं तर थांबायचं आणि मला कळवायचं. कुठलीही गोळी, साधी तापाची असली तरी, आधी मला विचारून."

"कंटाळ्याचं मी बघते," सुगंधा म्हणाली.

रक्तातले आकडे जागेवर येईपर्यंत डॉक्टरांनी काहीच सुरू केलं नाही. नंतर वेगळ्या प्रकारची गोळी, तीही थोड्याच मात्रेत दिली, आणि मध्ये मध्ये रक्त तपासत राहिल्या. शांताबाईंना ही बातमी लागली तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. सुगंधाने त्यांना खाली बसवलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण लसणाचा विषय थांबला.

जान्हवी मात्र रुग्णालयात एकदा येऊन गेली ती पुन्हा फिरकलीच नव्हती. सुगंधा तिच्या घरी गेली. जान्हवीने चहा ठेवला, साखर दोनदा घातली, आणि मग भिंतीकडे बघत म्हणाली, "पहिल्या गोळ्या मीच दिल्या ना तुला."

"दिल्यास. बाकीच्या मी स्वतः आणल्या. रडायचं असेल तर नंतर रड. तू रोज किती खातेस ते आधी सांग."

जान्हवीने पर्समधली अर्धी रिकामी पट्टी काढून पुढे ठेवली. सुगंधाने तिला त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. जान्हवीची मूत्रपिंडं ठीक होती, पण रक्तदाब वाढलेला होता, आणि त्याचा पत्ता तिला स्वतःलाच नव्हता. डॉक्टरांनी तिच्या गोळ्या थांबवून गुडघ्यांसाठी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. परत येताना दोघी वडापावच्या गाडीपाशी थांबल्या आणि आपण दोघींनी किती मूर्खपणा केला यावर मनसोक्त भांडल्या. त्यानंतर त्यांचं पुन्हा पूर्वीसारखं झालं.

मग खरोखरच कंटाळ्याचे महिने सुरू झाले. चालणं, आणि नुसतंच चालणं. पहिल्यांदा गल्लीच्या टोकापर्यंत जातानाही मांड्या थरथरायच्या. ज्या जिन्यावरून ती पळत जायची, त्याच्या मधल्या पायरीवर बसून ती श्वास घ्यायची, आणि शेजारी दशरथ पाण्याची बाटली धरून उभा असायचा. आधी तो तिला अडवायलाच सोबत येत होता. ही कुठे पळायला लागली तर, अशी त्याला धास्ती. पण ती पळत नव्हती. आज पाय जड आहेत म्हणाली की खरंच मागे फिरायची. हे त्याने पूर्वी कधी बघितलं नव्हतं. गणपतीत गावाहून परत आल्यावर एका सकाळी माळ्यावरची पिशवी खाली आली. त्याने बूट पुसून दाराशी ठेवले होते.

मैदानावर परत जाण्याआधी सुगंधाने आणखी एक गोष्ट मनावर घेतली. मंडळाच्या सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली की बायकांनी दुपारच्या उन्हात, तहान मारून, लघवी दाबून खेळायचं हे यापुढे चालणार नाही. एक पदाधिकारी म्हणाला, इतकी वर्षं मुली खेळल्याच की. "खेळल्या," ती म्हणाली, "आणि मी रुग्णालयात जाऊन आले." मैदानामागच्या शाळेचं स्वच्छतागृह शाळा सुटल्यावर उघडं ठेवायची विनंती करायचं ठरलं. नुसतं ठरून काही होत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेर ती इतक्यांदा जाऊन बसली की शेवटी शिपाई तिला बघूनच आत वर्दी द्यायला लागला. किल्ली मिळाली. सरावाची वेळ ऊन उतरल्यावरची झाली, मुलांच्या संघाने अर्धं मैदान सोडलं, आणि पाण्याचं पिंप जान्हवीच्या पुतण्याने उचलून आणलं.

थंडीत घाटकोपरच्या एका मंडळाने जुन्या खेळाडू बायकांचे सामने ठेवले. डॉक्टरांनी आदल्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासलं आणि खेळा म्हणाल्या, पण पूर्ण वेळ नाही. सुगंधा पहिल्या डावात उतरली. समोरच्या संघाची स्वरदा नावाची उंच बाई त्यांची मुख्य चढाईवाली होती. पहिल्या दोन चढायांत तिने सुगंधाच्या बाजूने सहज गुण नेले. सुगंधाची पकड अर्ध्या क्षणाने उशिरा पडत होती. दोन्ही वेळा बाद होऊन ती संघाच्या गुणांवर परत आत आली. तिसऱ्यांदा स्वरदा परत त्याच बाजूला आली. सुगंधा या वेळी पुढे झेपावली नाही, वाट बघत राहिली, आणि तो पाय मागे वळायला उचलला जात असतानाच तिने दोन्ही हातांनी घोटा धरला. स्वरदाने सगळं अंग मधल्या रेषेकडे झोकून दिलं. सुगंधा मातीवर फरपटत गेली, पण हात सुटले नाहीत, आणि तोवर जान्हवी आणि बाकीच्या जणी येऊन पडल्या. पंचांची शिट्टी वाजली. दशरथ बाहेर उभा होता. आजूबाजूच्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या तेव्हा त्याला कळलं की आपण मोठ्याने ओरडलो होतो.

दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला उजवी मांडी घट्ट झाल्याचं तिला जाणवलं. सामना अटीतटीचा होता, तिचा संघ एका गुणाने मागे होता. जुनी सुगंधा दात आवळून उभी राहिली असती. तिने हात वर केला आणि मैदानाबाहेर आली. जान्हवीने लगेच राखीव खेळाडूला आत बोलावलं. सुगंधा खाली बसून मांडी हळूहळू चोळत पाणी प्यायली आणि तिथूनच डाव्या कोपऱ्यावरच्या बाईला ओरडून सांगत राहिली, थांब, पाय उचलू दे, आता धर.

सामना बरोबरीत सुटला. स्वरदा माती झाडत तिच्याकडे आली आणि घोटा दाखवून म्हणाली, "केवढ्याने धरलंस गं, वळ उठलेत बघ."

"फेब्रुवारीत आमच्याकडे सामने आहेत, ये," सुगंधा म्हणाली. "दुसरा पाय धरते."